उधारी लक्षात कोणी ठेवायची?

क्रेडिट कार्डाचं बिल भरायला पैसे लागतात, हा एक सर्वदूर पसरलेला गैरसमज आहे. पैसे असतात. निदान महिन्याच्या सात-आठ तारखेपर्यंत तरी असतातच. बिल भरायला लागतं ते दुसरंच काहीतरी. आज तारीख कोणती हे ठाऊक असावं लागतं. त्या तारखेचा आणि आपला काही संबंध आहे हे नेमकं त्याच वेळी आठवावं लागतं. फोन हातात घेतल्यापासून बँकेचं अ‍ॅप उघडेपर्यंत वाटेत दुसरं काही दिसून चालत नाही. आणि अ‍ॅपने 'आपला पासवर्ड जुना झाला आहे, कृपया बदला' असं सांगितल्यावरही उमेद टिकावी लागते. हे सगळं एका जागी जुळून येणं म्हणजे आमच्याकडे कपिलाषष्ठीचा योग.

आमच्याकडे म्हणजे एडीएचडी घेऊन थोर झालेल्या आणि वर एकट्याने बिऱ्हाड थाटलेल्या मंडळींकडे. हा विकार लहान मुलांचा, त्यातही वर्गात बाकावरून उठून पळणाऱ्या मुलग्यांचा, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती मुलं पुढे मोठी होतात, त्यांना नोकरी लागते आणि पगारापाठोपाठ कार्ड येतं, याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलेलं नाही. (लक्ष न जाणं हा खरं तर आमचा प्रांत.) अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली काढलेल्या निदानपुस्तिकेत मात्र मोठ्यांची सोय केलेली आहे. अवधान टिकत नसल्याची नऊ लक्षणं तिथे दिली आहेत. मुलांना त्यांतली सहा लागतात, 17 वर्षं आणि त्यापुढच्यांना पाच पुरतात. कुठल्याही परीक्षेत मला मिळालेला हा एकमेव ग्रेस मार्क. त्या नवांतलं शेवटचं लक्षण रोजच्या व्यवहारातल्या विसराळूपणाचं आहे आणि त्यात मोठ्यांसाठी कंसात उदाहरणं दिली आहेत: उलट फोन करायला विसरणं, बिलं भरायला विसरणं, ठरलेल्या भेटी विसरणं. बिलं भरायला विसरणं! छापील! मी हे एका बँकेच्या ग्राहकसेवेतल्या मुलाला फोनवर वाचून दाखवलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं, 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' म्हणाला, आणि विलंबशुल्क होतं तिथेच ठेवलं.

निदान झाल्याचं घरी सांगितलं तेव्हा आईच्या चेहऱ्यावर काळजीऐवजी समाधान पसरलं. "हे तुमच्याकडचं," ती बाबांना म्हणाली. बाबांना नाही म्हणता येईना, कारण आजोबांची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. आजोबांनी सोसायटीचं पीककर्ज दोनदा फेडलं होतं. पहिल्यांदा फेडल्याची पावती सापडेना, आणि सेक्रेटरीशी हुज्जत घालण्यापेक्षा पुन्हा पैसे भरणं त्यांना सोपं वाटलं. ती पावती पुढे कधीतरी पोथीच्या रुमालात निघाली. तोवर सेक्रेटरीही गेला होता आणि सोसायटीही. जुळ्यांवर झालेल्या अभ्यासांतून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा 70 ते 80 टक्के निघतो. जमीन काकांकडे गेली. माझ्या वाट्याला हे आलं.

पण आजोबांचं निभावलं, कारण घरात आजी होती. पुढे बाबांचं निभावलं, कारण आई आहे. तिच्याकडे स्वयंपाकघरात खिळ्याला लावलेलं कालनिर्णय असतं आणि त्यावर दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, भाडेकरूने दिलेला चेक, मोलकरणीची उचल, असं सगळं बारीक अक्षरात असतं. घर चालवणं म्हणजे लक्षात ठेवणं, आणि हे काम कुणीतरी एक जण करत असतो म्हणून बाकीच्यांना आपण जबाबदार नागरिक आहोत असं वाटत राहतं. माझ्या कर्वेनगरातल्या वन आरकेमध्ये एकंदर एकच मेंदू आहे, आणि तो माझा.

शिवाय पूर्वी उधारी लक्षात ठेवण्याचं काम मुळात देणाऱ्याकडे होतं. आमच्या गल्लीतल्या वाण्याच्या दुकानात 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी होती आणि त्या पाटीच्या बरोब्बर खाली उधारीची लाल वही होती. आम्ही मुलं नुसतं 'लिहून ठेवा' म्हणायचो आणि साखर घेऊन पळायचो. आठवण ठेवायची जबाबदारी संपूर्णपणे शेटजींची. ते ती मोठ्या निष्ठेने पार पाडायचे. दुकानात चार बायका उभ्या असतील असा मुहूर्त साधून ते म्हणायचे, "ताई, मागचे एकशे चाळीस राहिलेत बरं का." व्याज शून्य टक्के, लाज शंभर टक्के. पण वेळच्या वेळी पैसे पोचायचे. वाणी विसरला तर वाण्याचं नुकसान, म्हणून तो विसरायचा नाही. बँकेच्या उधारीत हे सगळं उलटं झालं. तिथे विसरायचं काम आपलं, आणि आपण विसरलो की फायदा त्यांचा. ज्या धंद्याची कमाई गिऱ्हाइकाच्या विसरण्यावर होते त्या धंद्यात आम्ही म्हणजे घरचे लोक. उगीच नाही माझ्या वाढदिवसाचा पहिला मेसेज दर वर्षी कार्डवाल्यांचा येतो. आपोआप येतो हे मला कळतं. पण वेळेवर येतो.

या धंद्यात दर महिन्याला सगळं बिल चुकतं करणाऱ्याला ट्रान्झॅक्टर म्हणतात आणि बाकी पुढच्या महिन्यावर ढकलणाऱ्याला रिव्हॉल्व्हर. शस्त्रपरवाना नसतानाही मी बराच काळ रिव्हॉल्व्हर होते.

कार्डाचं बिल एकदा निवांत पाहण्यासारखं असतं. (ते पीडीएफमध्ये येतं आणि पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख, फक्त कुठल्या बँकेला अक्षरं मोठ्या लिपीत लागतात आणि कुठल्या बँकेला लहान, एवढंच लक्षात ठेवायचं असतं. म्हणजे झालंच.) वरच्या बाजूला दोन आकडे असतात: एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. पहिला आकडा बघून पोटात गोळा येतो. दुसरा आकडा इतका सोज्वळ असतो की त्याला चहाला बोलवावं. समजा बाकी आहे 50,000 रुपये. किमान रक्कम साधारण पाच टक्के, म्हणजे 2,500. भरले. कर्तव्य पार पडलं, आता महिनाभर कुणी विचारणार नाही. पण महिना साडेतीन टक्के दराने व्याज होतं 1,750, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी 315, म्हणजे 2,065 रुपये वाटेतच संपले. मुद्दलात गेले 435. कार्डावर नवीन काहीही न घेता याच चालीने किमान रक्कम भरत राहिलं, तर 50,000 चे 25,000 व्हायला साडेसहा वर्षांहून अधिक काळ लागतो. आणि नवीन काही घेतलंच, तर त्यावर बिनव्याजी मुदत मिळत नाही. जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला पहिल्या दिवसापासून व्याज. म्हणजे बाकी असलेल्या कार्डावर घेतलेली कोथिंबिरीची जुडी फ्रिजमध्ये सडून गेल्यावरही तिच्यावर व्याज चढत असतं.

किमान रक्कम भरत राहिल्यास फेड कित्येक महिने-वर्षं लांबेल, असा इशारा प्रत्येक बिलावर छापण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेने केलेली आहे. तो छापलेला असतोही. पण बिल शेवटपर्यंत वाचणाऱ्या माणसाला त्या इशाऱ्याची गरज नसते.

व्याजदराचा हा प्रश्न कोर्टातही गेला होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली असं ठरवलं की क्रेडिट कार्डावर वर्षाला 30 टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि 20 डिसेंबर 2024 रोजी न्यायालयाने आयोगाचा तो निर्णय रद्द केला. मी हिशेब करून पाहिला. (असले हिशेब मला रात्री दीड वाजता फार छान जमतात; बिल भरायचं असेल तर विशेष.) वरच्या उदाहरणातल्या माणसाने आयोगाच्या निकालाच्या दिवशी किमान रक्कम भरायला सुरुवात केली असती आणि एकही हप्ता न चुकवता भरत राहिला असता, तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या दिवशी त्याची नऊ हजारांच्या आसपास बाकी अजून शिल्लक असती.

रिझर्व्ह बँकेवर माझा राग नाही. उलट तिथे कुणीतरी आमच्यातला बसलेला असावा असा मला दाट संशय आहे. 2022 साली लागू झालेल्या कार्डांच्या नियमांत त्यांनी लिहून ठेवलं आहे की देय तारीख उलटून तीन दिवसांहून जास्त झाले तरच विलंबशुल्क लावायचं. तीन दिवस! निरोगी मेंदूच्या माणसाला ही सवलत सुचणं शक्य नाही. पण हा नियम करणाऱ्याला आमची पुढची पायरी कळली नव्हती. आमच्या डोक्यात काळाचे दोनच भाग असतात, 'आत्ता' आणि 'नंतर'. मुदत वाढली की 'नंतर' वाढतं, 'आत्ता' तेवढंच राहतं. सवलत कळल्याबरोबर माझ्या मनाने अठरा तारखेची देय तारीख परस्पर एकवीसवर नेली, आणि एकवीसच्या रात्री अकरा वाजून पन्नास मिनिटांनी जे व्हायचं तेच झालं: बँकेचा सर्व्हर देखभालीसाठी बंद. शुल्क लागलं की ते मूळ तारखेपासूनच मोजतात, हे नियमाच्या पुढच्याच वाक्यात आहे. पुढचं वाक्य म्हणजे पुन्हा तेच, 'नंतर'.

आता हप्त्यांकडे येऊ. आमचा पैसा बिलांपेक्षा छंदांत जास्त जातो. लक्ष लागत नाही हे अर्धंच निदान. लागलं तर सुटत नाही, हे उरलेलं अर्धं. मागच्या पावसाळ्याआधी मला पक्षिनिरीक्षणाने झपाटलं. पाषाण तलावावर एका रविवारी कुणाच्या तरी दुर्बिणीतून वारकरी नावाचा काळा पाणपक्षी पाहिला, आणि सोमवारी पहाटेपर्यंत मला आठ गुणिले बेचाळीस आणि दहा गुणिले बेचाळीस यांतला फरक, प्रिझमचे प्रकार, भिंगांवरचे लेप आणि तीन जर्मन कंपन्यांचा इतिहास तोंडपाठ झाला होता. दुर्बीण आली, नो कॉस्ट ईएमआयवर. त्या 'नो कॉस्ट'मध्ये व्याज नसतं असं नाही. व्याजाएवढी रक्कम किमतीत सूट म्हणून आधी वजा करतात आणि मग हप्त्यांतून व्याजासकट घेतात. त्या व्याजावरचा जीएसटी आपला, बहुधा प्रक्रियाशुल्कही आपलं. छंद श्रावणापर्यंत टिकला. हप्ते होळीपर्यंत होते. सध्या त्या दुर्बिणीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह अतिशय स्पष्ट दिसतो. दुर्बिणीच्या आधी क्रोशे होतं, त्याआधी आंबवलेल्या पिठाचा पाव, आणि त्याआधी उर्दू. उर्दूचं काही वाईट वाटत नाही, ते स्वस्तात पडलं.

यावर जगातला प्रत्येक शहाणा माणूस एकच तोडगा सांगतो: ऑटो डेबिट लाव. सांगताना त्याचा चेहरा असा होतो की हे आम्हाला कधी सुचलंच नसेल. ऑटो डेबिटमध्ये विसरायचं काम यंत्र करत नाही, एवढंच होतं. खात्यात पैसे ठेवायचं काम आपल्याकडेच राहतं. एक तारखेला पगार, पाच तारखेला हप्ता, आणि मधल्या चार दिवसांत मी. हप्ता परत गेला की आपली बँक दंड घेते आणि कर्ज देणारी कंपनीही घेते. दोघांत याबाबत मतभेद नाहीत. शिवाय दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्या वेगळ्याच. त्यांची सूचना निदान 24 तास आधी द्यावी लागते असाही रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि सूचना येतेही. ती वाचून मी मनाशी ठरवते की हे ध्यानधारणेचं अ‍ॅप आता बंद करायला हवं. ठरवल्याने इतकं हलकं वाटतं की काम झाल्यातच जमा होतं. पैसे दुसऱ्या दिवशी कापले जातात. मनःशांतीचं अ‍ॅप आहे, त्यामुळे मीही फार मनाला लावून घेत नाही.

एकदा घरभाड्याच्या करारासाठी नव्या घरमालक काकांनी सिबिल मागितला. भाड्याने राहायला सिबिल कशाला, असं विचारल्यावर म्हणाले, "जातपात आम्ही विचारत नाही." सिबिलचा आकडा 300 ते 900 च्या मधला असतो हे मला ठाऊक होतं. पण आकड्यापेक्षा आतलं पान वाचावं. तिथे प्रत्येक कर्जाखाली मागच्या 36 महिन्यांची चौकट असते, शाळेतल्या हजेरीपटासारखी, आणि प्रत्येक घरात किती दिवस उशीर झाला ते लिहिलेलं असतं. 000 म्हणजे वेळेवर. मग 004. मग 000, 000, 000. मग 031. त्या 031 वर बोट ठेवून काकांनी चष्म्यावरून पाहिलं. मला आठवलं: क्रोशे.

भारतात अशा नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. 2017 पासून त्या प्रत्येकीला वर्षातून एक संपूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. शहाण्याने दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवावा, म्हणजे वर्षभर नजर राहते. मी चारही एका रात्रीत मागवले, चारांतल्या फरकांचा रंगीत तक्ता केला, आणि त्यानंतर वर्षभर त्या बाजूला फिरकले नाही. या नोंदींचं वाईट हे की त्यांना हात लावता येत नाही. आपला याबाबतीतला इतिहास किती उज्ज्वल! 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे बाजारात आणून जाळले, आणि चार वर्षांनी इंग्रज सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. त्याच्याही सव्वादोनशे-अडीचशे वर्षं आधी देहूत तुकोबांनी घरच्या सावकारीची खतपत्रं इंद्रायणीत सोडली, असं चरित्रकार सांगतात. तेही धाकट्या भावाची निम्मी खतं त्याला आधी मोजून देऊन, मग स्वतःची. किती नीट हिशेबी त्याग! आज एखाद्या बँकेच्या अधिकाऱ्याला असा साक्षात्कार झाला आणि त्याने माझी फाइल मुठेत सोडली, तरी चार कंपन्यांच्या सर्व्हरवर ते 031 तसंच राहणार. आणि आता तर महिन्यातून निदान दोनदा माहिती पाठवायचा नियम झाला आहे, त्यामुळे बदनामीही वेळेवर होते.

स्वीडनमध्ये 2020 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथलं सरकार सगळ्यांच्या सगळ्याच नोंदी ठेवतं, म्हणून संशोधकांना सुमारे 1 लाख 89 हजार लोकांची पतविषयक माहिती त्यांच्या वैद्यकीय नोंदींशी जोडून पाहता आली. त्यात असं दिसलं की एडीएचडी असलेली माणसं विशीत चारचौघांसारखीच असतात. कर्जही तेवढंच घेतात आणि थकवतातही तेवढंच. मध्यम वयाकडे येताना मात्र थकबाकी भराभर वाढत जाते, पत घसरते आणि कर्ज हवं असताना मिळेनासं होतं. याचा अर्थ विशीत मला जे 'जमतंय की' असं वाटत होतं ते माझं कर्तृत्व नव्हतं. दंड साठायला वेळच मिळाला नव्हता. याच अभ्यासात असंही निघालं की एडीएचडीची उत्तेजक औषधं घेतल्याने पैशांचा कारभार सुधारल्याचं दिसत नाही. हे मला कुणी सांगायला नको होतं. गोळी मला एकाग्रता देते. ती कशावर वापरायची हे गोळी ठरवत नाही. ज्या सकाळी मी सगळ्यात शिस्तीत गोळी घेतली होती, त्याच सकाळी बसून जर्मन दुर्बिणींचा तक्ता पूर्ण केला.

कर्जफेडीचेही दोन पंथ आहेत. गणिती पंथ म्हणतो, ज्यावर व्याज जास्त ते कर्ज आधी फेडा. दुसरा पंथ म्हणतो, सगळ्यात लहान कर्ज आधी फेडून टाका, म्हणजे हुरूप येतो. गणित निर्विवाद पहिल्यांच्या बाजूने आहे. मी दुसऱ्यांत आहे. मोठ्या कर्जात सहा महिने पैसे घालून आकडा किंचित हलतो. ते पाहायला मी तिथे थांबतच नाही. पण एका विसरलेल्या वॉलेटची 640 रुपयांची बाकी भरून 'खाते बंद झाले' असं दिसलं त्या दिवशी मी स्वतःला श्रीखंड आणलं. कार्ड बंद करणं मात्र वेगळा पराक्रम आहे. बाकी शून्य असेल तर अर्ज केल्यापासून सात कामकाजी दिवसांत त्यांना कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला 500 रुपये त्यांनी आपल्याला द्यायचे. आयुष्यात प्रथमच विलंबशुल्क उलट्या दिशेने वाहण्याची शक्यता निर्माण झाली म्हणून मी डोळ्यांत तेल घालून वाट पाहत होते. त्यांनी सहाव्या दिवशी बंद केलं. काही माणसांना तारखा कशा पाळता येतात कोण जाणे.

एवढ्या सगळ्या यंत्रांत मला खरा उपयोग झाला तो माणसांचा. माझी एक मैत्रीण अधूनमधून रविवारी येते, माझ्या टेबलाच्या पलीकडे बसून स्वतःची वह्या तपासण्याची कामं करते, आणि मी अलीकडे बसून बिलं भरते. ती मला काहीही सांगत नाही, विचारत नाही. फक्त असते. ती स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली की मी वारकरी पक्ष्याच्या विणीच्या हंगामाबद्दल वाचायला लागते. ती परत आली की बिल भरते. याला शास्त्रात नाव आहे आणि त्यावर व्हिडिओही आहेत. पण वाण्याच्या दुकानातल्या त्या चार बायका दुसरं काय करत होत्या?

आणि मग मावशी. मावशीची कोथरूडला सोसायटीतल्या बायकांची भिशी आहे. बारा जणी, महिना पाच-पाच हजार. दर महिन्याला एकीकडे जमायचं, साबुदाणावडे खायचे, कुणाच्या तरी नातवाच्या हाताने चिठ्ठी काढायची आणि साठ हजार तिच्या हवाली करायचे. जिला पहिल्या महिन्यात चिठ्ठी लागते ती खरं तर पंचावन्न हजारांचं बिनव्याजी कर्ज घेते आणि अकरा महिने फेडते. शेवटच्या महिन्यातली बिनव्याजी बचत करते. कागद नाही, सही नाही, सिबिल नाही. एकदा एकीचा हप्ता दोन दिवस राहिला, तर बाकीच्या अकरा जणी तब्येत विचारायला तिच्या घरी गेल्या.

मी मावशीला म्हटलं, "मावशी, मलाही घे ना तुमच्यात. आणि पहिली चिठ्ठी मला द्या, म्हणजे कार्डाची बाकी एकदम संपवते."

"घेते," मावशी म्हणाली. "चिठ्ठी शेवटची."

"अगं, पण चिठ्ठी तर काढतात ना?"

"काढतात. तुझी त्या भांड्यात टाकणारच नाही. आणि वेळच्या वेळी दे. मला चारचौघींत मान खाली घालायला लावलीस, तर तुझ्या आईला नाही, थेट तुझ्या काकांना फोन करीन." जमीन ज्यांच्याकडे गेली ते काका. मावशीला माणसाच्या वर्मी कुठे बोट ठेवायचं ते नेमकं कळतं.

तेव्हापासून दर महिन्याच्या दोन तारखेला, हप्ता कापला जाण्याच्या तीन दिवस आधी आणि माझ्या डोक्यात काही नवीन शिरायच्याही आधी, मावशीचा फोन येतो. "उठलीस? पाठव. नाही, 'पाठवते' नाही, आत्ता पाठव. मी फोन धरून बसलेय." मी एका हाताने फोन कानाला आणि दुसऱ्या हाताने लॅपटॉप. पैसे गेल्याचं तिच्याकडे वाजलं की ती म्हणते, "आलं. आता ते कार्डाचं काढ. वरचा आकडा. खालचा नाही, वरचा. वाच." मी वाचते. पलीकडे काही क्षण शांतता असते, मग ती म्हणते, "एवढं काय घेतलंस?" आणि मला सांगावं लागतं. हे सांगावं लागणार, या विचाराने गेल्या महिन्यात एक माती मळायचं चाक कार्टमधून परत काढलं.

फक्त वेळ फार अवघड. पावणेसात. मी तिला एकदा सांगून पाहिलं की थकबाकी वसूल करणाऱ्यांनीसुद्धा सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा हुकूम आहे.

"त्यांना नसेल घाई," मावशी म्हणाली. "माझा दूधवाला यायचाय. ओटीपी आला का?"